दीनाचा रकाना

१

रिटायर झाल्यावर वेळ कसा जातो, असं भिंगारच्या बाजारात भेटेल तो मला विचारतो. वेळ जात नाही हो, पळतो, आणि त्याच्या मागे मी. मार्कला उठवायचं, दात घासून घ्यायचे, शर्टाची बटणं लावायची, तोवर त्यानं चपला फ्रिजमध्ये ठेवलेल्या असतात. मार्क म्हणजे माझा नवरा. चारचौघांत मी 'अहो' म्हणते, घरात मार्क. सासूबाईंना ते शेवटपर्यंत पटलं नाही, पण त्यांना माझं बरंच काही पटायचं नाही.

मार्क नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर टर्नर होता, चौतीस वर्षं. सहा फूट उंच, ताठ माणूस. तीन वर्षांपूर्वी त्याला विसरायला व्हायला लागलं. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. आमचा मुलगा नोहा पुण्याला असतो. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तो आला, तर मार्क त्याला म्हणाला, "बसा ना साहेब." नोहा मोरीत जाऊन नळ सोडून रडला. पण एक शब्द मार्कच्या तोंडून कधी गेला नाही, तो म्हणजे माझं नाव, हेलन. डोळे उघडले की पहिली हाक तीच. ती हाक आहे तोवर माझा नवरा शाबूत आहे, असं मी मनाशी घट्ट धरलं होतं, आणि ती कधीतरी जाईल या धास्तीनं मी दिवसभर घरात नुसती येरझाऱ्या घालायचे. दारं बघ, गॅस बघ, त्याला बघ. एका जागी बसून अख्खा चहा प्यायल्याचं मला आठवत नाही.

बसायचे ती फक्त दुपारी चारला, फळ्यासमोर.

मी एकतीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं. पोरं इंग्रजीला भ्यायची, म्हणून मी एक खेळ काढला होता. फळ्यावर तीन अक्षरं लिहायची, आणि ती तिन्ही ज्यात येतात असे शब्द पोरांनी शोधायचे. पुढं येवोत, मागं येवोत, तिन्ही पाहिजेत एवढंच. नियमही एकच. वर्गातल्या शेवटच्या पोराचा नंबर होऊन त्याचा एक तरी शब्द येत नाही, तोवर वरची अक्षरं पुसायची नाहीत. मग घंटा होवो नाहीतर शाळा सुटो. हेडमास्तर वैतागायचे. मी त्यांना वैतागू द्यायचे.

शाळेत पांढरे फळे आले तेव्हा माझ्या वर्गातला जुना काळा फळा मी टेम्पोत घालून घरी आणला आणि पुढच्या खोलीत ठोकून घेतला. त्यावर तीन रकाने आखले. हे, मा, दी. दी म्हणजे दीना, मार्कची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही, जन्मभर दवाखान्यात सिस्टर होती, आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. बुटकी, ठसठशीत, मनगटावर घड्याळाची तबकडी आतल्या बाजूला फिरवून घालणारी. तिचा हात फळ्याच्या वरच्या भागाला पुरायचा नाही म्हणून ती लाकडी स्टुलावर चढायची, आणि त्यावरही टाचा उचलायची. चहा झाला की आम्ही तिघं खेळायचो. ज्याचं त्याचं पोट ज्यावर भरलं, त्याचे शब्द त्याला पहिले सुचायचे. मी शाळेतले लिहायचे, मार्क कारखान्यातले, दीना वॉर्डातले.

गेल्या वर्षी जूनमध्ये अक्षरं होती ए, ई आणि आर. मार्कनं लिहिलं गिअर. मी लिहिलं टीचर. दीनानं खडू घेतला, स्टुलावर एक पाय ठेवला आणि छाती धरून खालीच बसली. रिक्षात घालताना तिला दम पुरत नव्हता, तरी मला म्हणाली, "वहिनी, अक्षरं पुसू नको. येऊन लिहिते."

तिसऱ्या दिवशी तिला भिंगारच्या कबरस्तानात ठेवून आलो.

२

नियम म्हणा, हट्ट म्हणा, मी ती अक्षरं पुसली नाहीत.

पुढच्या आठवड्यात चार वाजता मार्क आपणहून फळ्यासमोर जाऊन बसला. खेळ त्याच्या अंगात मुरलेला होता. त्यानं रिकाम्या रकान्याकडे बघून विचारलं, "दीनाचा नंबर?" मी खरं ते सांगितलं. तो ढसाढसा रडला. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा तेच विचारलं, मी पुन्हा सांगितलं, आणि त्याची बहीण पुन्हा पहिल्यांदाच मेली. डॉक्टर म्हणाले होते की अशा पेशंटला दरवेळी खरं सांगायचा अट्टहास करू नका. तिसऱ्या दिवशी माझ्यानं राहवलं नाही.

"येईल की," मी म्हणाले. "तिचा नंबर आहे ना अजून."

तो शांत झाला. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. मग तेच रोज चालू झालं. चार वाजले की तो विचारणार दीना, आणि मी म्हणणार येईल की. माझा आणि मार्कचा रकाना मी रोज ओल्या फडक्यानं पुसायचे, वरची अक्षरं तशीच. मार्क रोज नव्यानं गिअर शोधायचा. कधी ग्रीस, कधी वॉशर, कधी हॅमर, कधी बेअरिंग. आत्ताच सापडल्यासारखा माझ्याकडे वळून बघायचा, आणि मी रोज शाबासकी द्यायचे. दीनाच्या रकान्याला मी हात लावत नव्हते. तिथं पुसण्यासारखं काही नव्हतंच.

असे दहा महिने गेले. दहा महिने, ठरलेल्या वेळेला, घरात बसून, गेलेल्या माणसाला मी ये म्हणत होते. जन्मभर पोरांना शब्दांचे अर्थ विचारले, आणि स्वतः काय बोलतेय ते मला कळलं नाही.

एप्रिलमध्ये एके दिवशी भांडी आवरून मी चारला पुढच्या खोलीत आले, तर दीनाच्या रकान्यात एक शब्द होता. इंग्रजीत, नीट, खडू दाबून लिहिलेला. कॅथेटर. मी शिक्षिकेच्या सवयीनं आधी तपासला. ए होता, ई दोनदा होता, आर शेवटी होता. बरोबर होता.

मी घाबरले का? छे! मला आनंद झाला. मार्क खुर्चीत बसून होता आणि घरात तिसरं कोणी नव्हतं. वर्षभरात त्यानं पहिल्यांदा नवीन शब्द शोधला होता. बहिणीच्या तोंडून कधीतरी ऐकलेला असणार, तिच्या आठवणीनं तिच्या रकान्यात लिहिला असणार. मी नोहाला फोन लावला आणि म्हणाले की पप्पांच्या डोक्यात दिवा लागलाय.

त्या दिवशी मार्कनं दीनाचं विचारलं नाही. ते माझ्या लक्षात आलं, पण मी त्यावर थांबले नाही.

३

मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक शब्द येऊ लागला. टेंपरेचर. कॅन्सर. सेरेब्रल. खरं तर कॅथेटर आला त्याच दिवशी सगळ्यांचे नंबर पुरे झाले होते. नियमानं मी अक्षरं बदलायला हवी होती. बदलली नाहीत, कारण नवऱ्याला शब्द सुचत होते आणि मला अजून हवे होते. हावरटपणा केला मी, दुसरं काही नाही.

एक गोष्ट मात्र टोचत होती. ते शब्द लिहिले जाताना मी कधी पाहिले नव्हते. मार्क माझ्यासमोर स्वतःच्या रकान्यात लिहायचा तेव्हा त्याचा हात कापायचा, गिअरचा जी पार लोंबायचा. हे शब्द मात्र ठाम होते, आणि प्रत्येक आरचा पाय खाली वळवलेला होता. तसा आर दीना काढायची. मी म्हटलं, भाऊ-बहीण, एकाच शाळेतले, अक्षर सारखं असू शकतं. मग हात कापत का नाही? पेशंटचं असं असतं, कधी चांगला दिवस, कधी वाईट. माझ्याकडे सगळ्याला उत्तर होतं.

मे महिन्यात सहादेव आला. तो दर पंधरवड्याला घरी येऊन मार्कची दाढी-कटिंग करतो. मागच्या अंगणात शेवग्याखाली खुर्ची टाकली, मार्कच्या गळ्याभोवती फडकं बांधलं. मी डोकं हलू नये म्हणून त्याच्या मागे उभी होते. पावणेचार झाले असतील. सहादेव त्याच्या पोराच्या लग्नाचं सांगत होता.

आतून खडूचा आवाज आला.

एकतीस वर्षं ऐकलेला आवाज मी चुकणार नाही. टक, सर्र, टक. लिहिणारा घाईत नव्हता. मध्ये थांबला, विचार करत असल्यासारखा, मग पुन्हा टक. माझे दोन्ही हात मार्कच्या डोक्यावर होते. केस ओले होते, खाली कवटी गरम होती. म्हणजे तो माझ्या हातात होता, आणि आत कोणीतरी लिहीत होतं.

सहादेवची कात्री थांबली. "आत कोन हाय, बाई?"

पाल असेल, मी म्हणाले. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि भराभर काम उरकलं. चहासुद्धा घेतला नाही.

मी आत गेले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. पंखा बंद होता, पुढच्या दाराला आतून कडी होती. दीनाच्या रकान्यात फ्रॅक्चर लिहिलेलं होतं आणि खडूची भुकटी अजून खाली उतरत होती. स्टूल फळ्याजवळ ओढलेलं होतं. ते स्टूल दीना गेल्यापासून पलंगाखाली होतं. मार्क सहा फूट आहे, त्याला त्या फळ्यासाठी स्टूल कधी लागलं नाही.

मी स्टूल उचलून पुन्हा पलंगाखाली सारलं. मग प्रार्थना केली. मग पुन्हा उठून पुढच्या दाराची कडी बघितली. कडी घातलेलीच होती.

४

आणि मार्क सुधारत होता, ही खरी अडचण होती. तो बिघडला असता तर मी कधीच फडकं उचललं असतं.

जूनमध्ये तो स्वतःची बटणं लावू लागला. गोळ्या ओळखू लागला, नावानिशी. मला वेळा सांगायचा, ही जेवणाआधी, ही नंतर. नगरच्या डॉक्टरांनी त्याला दहा प्रश्न विचारले, त्यातल्या आठांची उत्तरं त्यानं दिली. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, काय जादू केलीत? मी त्यांना खेळाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, अजिबात बंद करू नका.

घरी आल्यावर छबूबाई माझी वाट बघत होती. ती आमच्याकडे धुणं-भांडी करते, दीनाच्या आधीपासून. मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली.

"ह्या चादरी कुनी घातल्या?" तिनं विचारलं.

मार्कच्या पलंगावरची चादर ताणून घातलेली होती, कोपरे तिरपे दुमडून गादीखाली घट्ट खोचलेले. दवाखान्यात घालतात तशी. मार्कनंच घातली असेल, मी म्हणाले, हल्ली तो बरीच कामं करतो.

"व्हय," छबूबाई म्हणाली. "पन आशा तर दीनाताई घालायच्या." आणि दुसऱ्या दिवसापासून ती अंगणातूनच भांडी घेऊन जाऊ लागली. आत यायची नाही.

त्या संध्याकाळी मी मार्ककडे नीट बघितलं. महिनाभर मी त्याची सुधारणा बघत होते, त्याला बघत नव्हते. त्याचं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलेलं होतं. चहाचा कप त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. तो माझ्याकडे बघून हसला, ओळखीचं हसू, पण ते मार्कच्या तोंडावर मी कधी पाहिलेलं नव्हतं.

आमच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक जुनं बेअरिंग ठेवलेलं असतं. मार्कनं रिटायर होताना कारखान्यातून आणलेलं. विसरण्याच्या अगदी वाईट दिवसांतसुद्धा ते हातात आलं की तो बोटानं फिरवायचा, कानाशी नेऊन आवाज ऐकायचा आणि चांगलं आहे का गेलंय ते सांगायचा. मी ते त्याच्या हातात दिलं.

त्यानं ते उलटसुलट केलं. जड आहे, म्हणाला, आणि शेजारी ठेवून दिलं. मग मला आठवलं की गेल्या कित्येक दिवसांत त्यानं गिअर लिहिलेलं नाही. चारला तो फळ्यासमोर बसायचा, मी माझा शब्द लिहायचे, दीनाच्या रकान्यात कधी नवीन शब्द असायचा, आणि मा हा रकाना काल पुसला तसाच आज असायचा. मी त्याला आग्रह केला नव्हता. बरा होतोय, कशाला ताण द्या, असं म्हणत होते.

आणखी एक गोष्ट आठवली. ती आठवल्यावर मी पाणी पिण्यासाठी उठले आणि पाणी न पिताच उभी राहिले. त्यानं मला किती दिवसांत हाक मारली नव्हती? सकाळी तो माझ्या आधी उठलेला असायचा. हाक मारायची वेळच येत नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, पुसायचं. सगळं. वरची अक्षरं, रकाने, नावं, सगळं. डॉक्टर काहीही म्हणोत. फळाच काढून भंगारवाल्याला द्यायचा. मला माझा चपला फ्रिजमध्ये ठेवणारा नवरा परत पाहिजे होता.

साडेतीनला मी मोरीत गेले, फडकं भिजवलं, पिळलं. पुढच्या खोलीतून आवाज आला, फरशीवर लाकूड ओढल्याचा. मग टक, सर्र. मी फडकं हातात तसंच धरून दारात आले.

या वेळी तिथं कोणीतरी होतं. मार्क होता. पण तो स्टुलावर चढलेला होता. सहा फुटी माणूस स्टुलावर, त्याचं डोकं पंख्याच्या पात्याच्या जवळ पोचलेलं, आणि त्यानं टाचा उचललेल्या होत्या. हात पुरत नसल्यासारखं अंग ताणलेलं, आणि तरीही फळा इतका खाली की लिहायला त्याला कमरेतून वाकावं लागत होतं. वर ताणायचं आणि खाली वाकायचं, दोन्ही एकाच वेळी चाललं होतं. त्याचा हात कापत नव्हता.

त्यानं प्रेयर लिहिलं, आरचा पाय वळवला, आणि खडू टेकवून मागे बघितलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या फडक्याकडे.

"वहिनी," तो म्हणाला, "पुसू नको."

आवाज मार्कचा होता. अडतीस वर्षं ऐकलेला. आजारात माणसं बहिणीला बायको म्हणतात, बायकोला आई म्हणतात, हे मी वाचलेलं आहे. मी ते सगळं त्या एका क्षणात स्वतःला सांगून बघितलं. अडतीस वर्षांत त्यानं मला वहिनी म्हटलं नव्हतं. म्हणणार कसा? मला वहिनी म्हणणारं माणूस या घरात एकच होतं.

मी विचारलं, "मार्क कुठाय?"

तो स्टुलावरून उतरला, एका हातानं माझं मनगट धरलं आणि स्वतःच्या मनगटाच्या आत फिरवलेल्या घड्याळात बघत माझी नाडी मोजू लागला. फार हळुवार. मी रोज ज्या मायेनं बोलायचे त्याच मायेनं तो बोलला.

"येईल की," तो म्हणाला. "त्याचा नंबर आहे ना अजून."

मी फळ्याकडे बघितलं. 'हे'च्या रकान्यात माझे शब्द होते. 'दी'चा रकाना भरलेला होता. मधला मा रिकामा होता, माझ्याच फडक्यानं स्वच्छ पुसलेला.

फडकं अजून ओलं होतं. दोन पावलं पुढे गेले असते तर काम झालं असतं. पण एका माणसाचा नंबर राहिला होता, आणि मी अक्षरं पुसली तर तो कुठं येऊन लिहिणार? माझा नियम होता, दुसऱ्या कोणाचा नाही. मी फडकं मोरीत नेऊन वाळत घातलं.

याला आता तीन महिने झाले. नोहा येऊन गेला, पप्पा किती बरे झालेत म्हणून आनंदानं रडला. जाताना पप्पांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आत्या जसं म्हणायची तसं 'जेवत जा रे वेळेवर' म्हटलं. मी दारात उभी होते. त्याला काय सांगणार होते?

रोज चार वाजता मी चहा करते, तीन कप. समोर बसलेलं माणूस विचारत नाही, तेव्हा मीच मोठ्यानं म्हणते, येईल की, त्याचा नंबर आहे ना अजून. मग कान देऊन बसते. मला वाकडातिकडा, लोंबणाऱ्या जीचा एकच गिअर पाहिजे. अक्षरं जागेवर आहेत. खडू मी मधल्या रकान्यापाशी ठेवते, खिळा ठोकून एक छोटी फळी केलीय त्यासाठी. जरा उंचावर केलीय, त्याला वाकायला त्रास होतो.